‘भ्रष्ट’ म्हणजे नेमकं काय? कोण पडलं आणि कुठून?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय, त्यामुळे रस्त्यातल्या पाट्याही डोळे आपोआप तपासत जातात. गेल्या मंगळवारी सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चाललो होतो. आत एका मोठ्या संघटनेचा मांडव होता, भोंगे, झेंडे, सगळं. त्या मांडवाची सावली जिथे संपत होती तिथे उन्हात एक आजोबा एकटेच बसले होते. खाली प्लॅस्टिकचं पोतं, शेजारी पाण्याची बाटली, चपला काढून नीट जोडीने ठेवलेल्या. हातात खोक्याचा पुठ्ठा कापून केलेला फलक आणि त्यावर मार्करने लिहिलेलं: ‘भ्रष्ठाचार करणाऱ्यांना शिक्षा द्या’.

मला राहवलं नाही. म्हटलं, काका, भ्रष्टाचारात साधा ट आहे, ठ नाही. वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत. श्रेष्ठमध्ये ठ असतो, म्हणून मी तोच घातला.’ मग म्हणाले, ‘पण साहेब, ह्या शब्दाचा मुळातला अर्थ काय हो? आठ महिने झाले, प्रत्येक अर्जात लिहितोय.’

मी ‘वाईट वागणं’ असं काहीतरी बोललो आणि गाडी पकडली. डोंबिवलीपर्यंत स्वतःची लाज वाटत राहिली. आठ महिने एक शब्द उराशी धरून बसलेल्या माणसाला मी दोन शब्दांत वाटेला लावलं.

मला माहीत आहे तेवढं आधी मांडतो. मूळ धातू ‘भ्रंश्’, म्हणजे पडणं, घसरणं, जागेवरून सुटणं. त्याला ‘त’ लागला की अनुस्वार गळतो, श चा ष होतो आणि त्या ष मुळे त चा ट होतो: भ्रष्ट. दृश्‌वरून दृष्ट, नश्‌वरून नष्ट, तसंच हे. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला ठ ‘इष्ठ’ या वेगळ्या प्रत्ययाचा आहे, ‘सगळ्यांत जास्त’ असं सांगणाऱ्या. म्हणून आजोबांची चूक कानाला साहजिक वाटते, पण दोन्ही शब्दांचं एकमेकांशी नातं नाही. भ्रष्ट म्हणजे पडलेला. आता प्रश्न असा, की पडलेल्याचा लाच घेणारा कधी झाला? आणि मधल्या काळात हा शब्द काय करत होता?

ठाकुरद्वार

मधल्या काळात तो आमच्या आजीच्या तोंडी होता.

आमची चाळ गिरगावात. आजीचं सोवळं नेसायचं लुगडं गॅलरीत उंच बांबूवर काठीने वाळत घातलेलं असायचं, कुणाचा हात लागू नये म्हणून. मी सहा-सात वर्षांचा असताना पतंग काढायला त्याच काठीने ढोसायला गेलो आणि लुगडं माझ्या डोक्यावर आलं. ओल्या कापडाचा तो गार स्पर्श आणि आजीची हाक अजून आठवते: ‘भ्रष्ट केलंस मेल्या सगळं!’ तिने ते परत विहिरीवर नेऊन पिळलं आणि त्या दिवशी ती दुपारी तीनला जेवली.

आजीच्या तोंडी मी हा शब्द शेकडो वेळा ऐकला असेन. पैशासंबंधी एकदाही नाही. शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ नोकरीत भरपूर वरकमाई करतात हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. त्यांना आजी ‘खातो मेला’ म्हणायची, ‘भ्रष्ट’ कधी म्हटलं नाही. सत्यनारायणाला त्यांना पहिल्या पाटावर बसवायची.

विभक्ती

ठाकुरद्वार, तुमच्या प्रतिसादात मला हव्या त्या दोन्ही गोष्टी आल्या. मी शाळेत संस्कृत शिकवते, म्हणून थोडं समासात शिरते. कंटाळू नका, यातच गंमत आहे.

जुन्या शब्दांची रांग लावा. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, धर्मभ्रष्ट, जातिभ्रष्ट, आचारभ्रष्ट. सगळे पंचमी तत्पुरुष. पंचमी म्हणजे ‘पासून’. पदापासून पडलेला, मार्गापासून पडलेला, आचारापासून पडलेला. प्रत्येक शब्दात कुठून पडला ते पहिल्या अर्ध्यात सांगितलंय आणि पडलेला कोण, तर माणूस. मुद्रितशोधकांच्या शीर्षकातल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शब्दातच आहेत.

आता भ्रष्टाचार बघा. घटक तेच, भ्रष्ट आणि आचार, पण क्रम उलटा. भ्रष्ट असा आचार: कर्मधारय. संस्कृतात याचा बहुव्रीही करून ‘ज्याचा आचार भ्रष्ट आहे तो’ असं माणसाचं विशेषणही होतं. आजच्या मराठीत मात्र ते राहिलेलं नाही. आज भ्रष्टाचार हे नुसतं भाववाचक नाम आहे. पडला तो आचार. माणूस वाक्यातून बाहेर गेला.

आणि मग या नामाला आपण क्रियापदं कोणती लावतो? भ्रष्टाचार वाढला. बोकाळला. फोफावला. माजला. शेतात तण माजावं किंवा भिंतीला पावसाळ्यात बुरशी यावी तसा. कुणी केला हे न सांगताही वाक्य पूर्ण होतं. ‘आचारभ्रष्ट झाला’ म्हटलं की मात्र लगेच कोण, असं विचारावं लागतं.

रात्रपाळी

पण ताई, ‘भ्रष्टाचारी’ आहे की. ‘भ्रष्ट अधिकारी’ तर रोज छापून येतं. माणूस बाहेर कुठे गेला?

विभक्ती

हो, आहे, आणि तुमचं म्हणणं मी मान्य करते. तरी ‘भ्रष्ट अधिकारी’ म्हणताना तो कुठून पडला हे आपल्या डोळ्यांपुढे येतं का? मला वाटतं नाही येत. ‘पदभ्रष्ट’ म्हटलं की पद दिसतं, ‘मार्गभ्रष्ट’ म्हटलं की वाट दिसते. ‘भ्रष्ट’ एकटाच उभा राहिला की तो माणसाचा रंग असल्यासारखा वाटतो, काळा, गोरा, भ्रष्ट. पडायच्या आधी तो कुठेतरी वर उभा होता, कुणीतरी त्याच्यावर विश्वास टाकून त्याला तिथे ठेवलं होतं, हा भाग विसरला जातो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, ज्याला योग साधला नाही आणि संसारही सुटला, तो ‘उभयविभ्रष्ट’ माणूस फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? ‘छिन्नाभ्रमिव’ हा शब्द आहे. उत्तर मिळतं की नाही, योगभ्रष्ट माणूस पुन्हा चांगल्या घरात जन्म घेतो आणि जिथे सुटलं तिथून पुढे जातो. म्हणजे भ्रष्ट या शब्दात मुळात परत चढायची वाट शिल्लक होती.

वॉर्ड सिस्टर

फार विद्वान धागा आहे, मी एवढंच सांगते. आमच्याकडे गर्भाशयभ्रंश हे निदान रोज लिहिलं जातं. खेड्यातून आलेल्या बायका त्याला ‘अंग बाहेर येतंय’ म्हणतात. जागेवरून खाली सरकणं, बस, दोष कुणाचाच नाही. माझ्या स्वतःच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. ती मला तिची धाकटी बहीण समजते. भ्रंश हा शब्द मी रोज ऐकते आणि मला त्यात फक्त ‘सुटलं’ एवढंच ऐकू येतं. सुटताना धरायला कुणी होतं का, हे बघायचं.

दफ्तरदार

सिस्टर, तुमच्या आईला नमस्कार.

विभक्तीताईंच्या यादीत एक शब्द घालतो: अपभ्रंश. पतंजलीने महाभाष्यात म्हटलंय की एकेका शब्दाचे पुष्कळ अपभ्रंश असतात आणि उदाहरण दिलंय गायीचं: गौः या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. त्याच्या दृष्टीने हे सगळे घसरलेले शब्द. पण अशाच घसरणीतून आपली मराठी आली. आपण इथे ज्या भाषेत लिहितोय ती त्या हिशेबाने पडलेल्यांचीच लेक आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

आता पैशाकडे येतो. लाच हा शब्द भ्रष्टपेक्षा किती सरळ आहे बघा. संस्कृतात लञ्चा, मराठीत लांच, मग लाच. डोक्यावरचा अनुस्वार आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेला, गुजरातीत अजून आहे, लांच. कन्नडमध्ये लंच, तेलुगूत लंचम, तमिळमध्ये लंजम. गुजरातपासून खाली कन्याकुमारीपर्यंत या पाच भाषांतली माणसं एकाच शब्दाने लाच घेतात. उत्तरेला रिश्वत, तो अरबी-फारसीतून आलेला. आणि आपला लाचखोर तर अर्धा संस्कृत, अर्धा फारसी: लाच आपली आणि ‘खोर’ म्हणजे फारसीत खाणारा.

फारसीतून आलेले बाकीचे शब्दही या बाबतीत फार नेमके आहेत. बदमाश शब्दात ‘मआश’ आहे, म्हणजे उपजीविका. ज्याची रोजीरोटीच वाईट मार्गाची तो बदमाश. आपण तो आता खोडकर पोरांना वापरतो. पैशांची अफरातफर म्हणतो ना? ती ‘इफरात-तफरीत’ या जोडीतून आली, अति आणि कमी. हिंदीत तिचा अर्थ पळापळ झाला. आपण मराठी लोकांनी ती हिशेबाच्या वहीत नेऊन बसवली: एका रकान्यात जास्त, दुसऱ्यात कमी.

दादरकर भाजीवाला

दफ्तरदार, हप्त्याचं पण सांगा. माझे वडील चाळीस वर्षं दादरला रस्त्यावर भाजी विकत होते. आमच्या घरात बाकी कुठलाही शब्द येण्याआधी हप्ता आला. मी बोलायला शिकलो तेव्हा वडील संध्याकाळी मोजणी करताना तीन ढीग करायचे: माल, घर, हप्ता. हप्त्याचा ढीग वेगळ्या रुमालात बांधून गोणपाटाखाली ठेवलेला असायचा. शनिवारी एक माणूस यायचा. तो कधी काही मागायचा नाही, भेंडीचा भाव विचारायचा. वडील रुमाल द्यायचे.

दफ्तरदार

हप्ता हा फारसी ‘हफ्त’वरून, म्हणजे सात. सात दिवसांचा तो हफ्ता, आठवडा. आठवड्याला द्यायची रक्कम ती हप्ता, मग कर्जाचा हप्ता महिन्याचा असला तरी हप्ताच आणि रस्त्यावर त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात तो.

एक गोष्ट लिहायची की नाही असा विचार करत होतो, लिहितो. फारसी हफ्त आणि संस्कृत सप्त हे एकाच मुळाचे, तिकडे स चा ह झाला एवढंच. म्हणजे हरिनाम सप्ताहातला सप्ताह आणि तुमच्या वडिलांच्या रुमालातला हप्ता हे सख्खे चुलतभाऊ आहेत.

दादरकर भाजीवाला

वडील दर वर्षी गावी सप्ताहाला जायचे. सात दिवस वीणा उभी धरायचे. हे त्यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं, विचार करतोय.

परळची लेक

धागा रात्री दोनदा वाचला. मला ‘खाणे’ या शब्दाबद्दल लिहायचंय.

वडील गेले तेव्हा त्यांच्या नावची खोली आईच्या नावावर करायची होती. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. सगळे कागद होते, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, प्रतिज्ञापत्र. टेबलामागच्या माणसाने सगळं बघितलं, काही कमी नाही म्हणाला. मग टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचललं. आत हिरवा-पांढरा फुलासारखा बुडबुडा असलेलं, तसलं. ते आमच्या फायलीवर ठेवलं, परत उचललं आणि पंख्याखाली कागद फडफडू दिले. ‘बघा, वजन नसेल तर उडून जातात.’ एवढंच. आईला कळलं नाही, ती कागद धरायला पुढे वाकली. दोन्ही हातांनी तिने बाबांचा मृत्यूचा दाखला टेबलाला दाबून धरला. मला कळलं आणि मी रडायला लागले.

त्या दिवशी मला ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ ही म्हण समजली. शाळेत तिच्यावर वाक्यात उपयोग लिहिला होता, गुणही मिळाले होते.

म्हणून वाटतं, आपली बोली या बाबतीत प्रामाणिक आहे. पैसे खातो, शेण खातो, मलिदा लाटतो, कुंपण शेत खातं, खाबूगिरी चालते. या सगळ्यांत एक खाणारा आहे आणि ज्याचं खाल्लं तोही आहे. भ्रष्टाचारात यांतलं कुणीच नाही.

विभक्ती

लेकी, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ थांबले. आईने कागद दाबून धरले, हे मनातून जाणार नाही.

तू म्हणतेस ते ‘खाणं’ फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जो बापजाद्यांचं धन अन्यायाने ‘भक्षयति’, खातो, त्याला मूलहर म्हटलंय. तिथेच पुढे अधिकाऱ्यांबद्दल दाखला आहे: पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो ते जसं कळत नाही, तसं कामावर नेमलेल्यांनी पैसा केव्हा घेतला ते कळत नाही. आणि जिभेवर ठेवलेला मध किंवा विष चाखल्यावाचून राहणं जसं अशक्य, तसं राजाचं धन हाताळणाऱ्याने थोडंही न चाखणं अशक्य. मासा पितो, जीभ चाखते. सगळं तोंडाशीच. पैसा लाटायचे चाळीस मार्ग मोजून दिलेत, ‘हरणोपाय’ म्हणून. या सगळ्यात ‘भ्रष्ट’ची गरज त्याला पडलेली दिसत नाही.

वरळीचा

मी इथे फारसा लिहीत नाही. पण सगळे जिच्या कडेकडेने चाललेत ती गोष्ट कुणीतरी लिहिली पाहिजे.

ठाकुरद्वार, तुमच्या आजीचं लुगडं तुमच्या हाताने भ्रष्ट झालं. तुम्हाला ओरडा मिळाला आणि लुगडं पिळल्यावर विषय संपला. माझी आजी बीडीडी चाळीत राहायला येण्याआधी गावात होती. तिच्या सावलीने माणसं भ्रष्ट व्हायची. तिने कुणाचं काही घेतलं नव्हतं, कुठून पडली नव्हती. तिला वर चढूच दिलं नव्हतं. तरी भ्रष्ट करणारी ती.

२० मार्च १९२७ला महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागून हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. नंतर सनातनी मंडळींनी तळं भ्रष्ट झालं म्हणून मंत्र म्हणत, पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं. गुरंढोरं ज्या तळ्यात उतरत होती ते तळं. हा शब्द पैसे खाणाऱ्यांसाठी आता वापरला जातो म्हणून तो निर्मळ झाला असं मला वाटत नाही. माझ्या कानाला त्याला अजून तो वास येतो.

मी घरात मुलांना सांगितलंय, लाच म्हणा, चोरी म्हणा, लुबाडणूक म्हणा. भ्रष्ट म्हणू नका.

ठाकुरद्वार

वरळीचे दादा, तुम्ही लिहिलंत ते मला स्वतःला कधीच सुचलं नसतं आणि त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. आजीची आठवण मी प्रेमाने लिहिली. ती आजी म्हणून खरंच प्रेमळ होती. पण तिच्या त्या शब्दाचं दुसरं टोक कुठे टोचत होतं ते मी पाहिलं नाही. सत्यनारायणाच्या पाटावर कोण बसायचं ते मी लिहिलं, चाळीच्या दारात कोण थांबायचं ते लिहिलं नाही. चाळ झाडायला येणाऱ्या बाईला आजी पाणी वरून ओतायची.

लघुलेखक

वरळीच्या दादांनी सांगितलेला तो अर्थ आपल्या मुंबईत न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी दावा लावला, न्यायालयाने मूल अल्पवयीन म्हणून वडिलांच्या ताब्यात दिलं. पण परधर्मीयांच्यात राहून खाल्लं-प्यालं, म्हणजे भ्रष्ट झाला, त्याला जातीत घ्यायचं कसं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी कर्मठांचा रोष पत्करला. पुण्यात १८९०चं पंचहौद मिशनमधलं चहा प्रकरण तर प्रसिद्धच आहे. चहासाठी रानडे-टिळकांच्या तोडीच्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतला बहिष्काराचा वाद, आलं, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, प्रायश्चित्तं झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात ‘भ्रष्ट झाला’ म्हटल्यावर लोक विचारायचे: कुणाकडे खाल्लं? आजही आपण तेच विचारतो, किती खाल्लं.

माझा व्यवसाय कोर्टातला, म्हणून थोडं आजचं सांगतो. १९४७ साली भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला, त्याच्या जागी १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. २०१८च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार. ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांत कळवलं तर तो सुटतो. परळच्या ताई, हे तुमच्यासारख्यांना माहीत असायला हवं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

सापळ्याच्या खटल्यात मी एक गोष्ट कित्येकदा टंकलिखित केलीय. तक्रारदाराने द्यायच्या नोटांना पंचांसमोर फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. ती डोळ्याला जाणवत नाही. पैसे घेतल्यावर त्या माणसाचे हात काचेच्या पेल्यात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात धुवायला लावतात. पाणी गुलाबी होतं. बाटल्या लाखबंद करून पुरावा म्हणून ठेवतात. ‘रंगेहाथ’ शब्द आपण सहज वापरतो, तिथे तो अक्षरशः खरा असतो. पहिल्यांदा पंचनामा ऐकताना मी त्या हाताचा विचार करत होतो, डाव्या हाताला वेगळी बाटली, उजव्याला वेगळी. त्या पंचनाम्यात ‘भ्रष्ट’ हा शब्द कुठेच नसतो. कुणी, कुणाकडून, किती वाजता, कोणत्या हाताने, एवढंच.

रात्रपाळी

कुणी, कुणाकडून, किती वाजता, कोणत्या हाताने. विभक्तीताई, माझा मघाचा आक्षेप मागे घेतो.

मुद्रितशोधक

सगळ्यांचे आभार. मी हा धागा छापून घेतला, म्हणजे पानं काढून नेली आणि आज परत आझाद मैदानावर गेलो. मोठा मांडव उठला होता. आजोबा होते. पोतं तेच, चपलांची जोडी तशीच.

बसून सगळं वाचून दाखवलं. काचेच्या पेपरवेटशी आल्यावर ते म्हणाले, ‘आमच्याकडे पेन होतं. पेनाचं टोपण लावायचा, काढायचा, लावायचा.’ वरळीच्या दादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. ते स्वतः कुठले ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लघुलेखकांनी दिलेला नंबर त्यांनी वहीत उतरवून घेतला. त्यांच्या बाबतीत सात दिवस केव्हाच उलटून गेलेत, पण त्यांनी पैसे दिलेच नव्हते, म्हणून तर आठ महिने.

मग विचारलं, ‘मग फलकावर काय लिहू? आचारभ्रष्ट लिहू का?’ मी म्हटलं, विभक्तीताई म्हणतात तसं, आचारभ्रष्ट लिहिलं की कोण ते लिहावं लागेल. ते बराच वेळ गप्प बसले. समोर महापालिकेच्या इमारतीवर कबुतरं बसत-उठत होती.

म्हणाले, ‘नाव अर्जात आहे. सातही अर्जांत आहे, तारखेसकट. फलकावर नको. त्याच्या दोन पोरी शाळेत जातात, मी पाहिल्यात. कुणीतरी फोटो काढून फोनवर फिरवेल, त्यांना वर्गात बसता येणार नाही.’

फलक माझ्याकडे दिला. पुठ्ठ्यावरचं अक्षर खोडता येईना, म्हणून माझ्या पानांतल्या एका कोऱ्या भागाचा तुकडा कापून ठ वर चिकटवला आणि त्यावर ट लिहिला.